कार्निव्हलला न्यू ऑर्लिन्सला जाताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हलबद्दल जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते आणि त्यावर तुमच्याकडून इतके प्रश्न आले की हा आख्खा कॉलम त्यालाच देतेय. मी त्या शहरात सात वर्षं राहिलेय, सातही कार्निव्हल रस्त्यावर उभं राहून बघितलेत, आणि अजूनही जानेवारी उजाडला की जीव तिकडं ओढ घेतो. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत. आधी एक शब्द समजून घ्या, क्रू. क्रू म्हणजे आपल्याकडचं मंडळच. सभासद वर्षभर वर्गणी भरतात, फ्लोट म्हणजे चित्ररथ बनवून घेतात, गर्दीत फेकायच्या माळा-खेळणी स्वतःच्या खिशातून आणतात आणि परेड काढतात. कंपन्यांच्या जाहिराती परेडमध्ये लावायला शहराची बंदीच आहे. आणि बघायला एक पैसा लागत नाही, तुम्ही नुसतं रस्त्याच्या कडेला जाऊन उभं राहायचं.

प्रश्न: आम्ही दोघं ह्यूस्टनला असतो. मार्डी ग्राची तारीख दरवर्षी बदलते म्हणतात, मग सुट्टी नेमकी कधी टाकायची? शनिवारी सकाळी गाडीनं निघून रविवारी परत आलो तर चालेल का?

तारीख ईस्टरवर ठरते. ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार म्हणजे मार्डी ग्रा, २०२७ ला तो ९ फेब्रुवारीला येतोय आणि २०२८ ला थेट २९ फेब्रुवारीला. पण कार्निव्हल म्हणजे तो एकच मंगळवार, हे आधी डोक्यातून काढा. सीझन दरवर्षी ६ जानेवारीला सुरू होतो, त्या संध्याकाळी एक जुना क्रू वेशभूषा करून सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूच्या स्ट्रीटकारमध्ये, म्हणजे ट्राममध्ये, बसून निघतो आणि फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागात जोन ऑफ आर्कच्या नावानं मेणबत्त्या घेतलेली पायी मिरवणूक असते, आणि त्या दिवसापासून बेकऱ्यांमध्ये किंग केक, म्हणजे कार्निव्हलचा खास गोड केक, दिसायला लागतो. मग दोनेक आठवडे लहान-सहान मिरवणुका, आणि मार्डी ग्राच्या अकरा दिवस आधीच्या शुक्रवारपासून मोठ्या परेड. पहिला वीकेंड शुक्रवार ते रविवार, मधे एक-दोन दिवस उसंत, आणि मग बुधवार-गुरुवारपासून मंगळवारपर्यंत रोज.

शनिवारी येऊन रविवारी परत, हे करू नका हो. साडेतीनशे मैल गाडी हाकून येणार, शनिवारी दुपारी पोचेपर्यंत रस्ते बंद झालेले असणार, पार्किंग शोधण्यात दोन तास आणि मग दमून उभं राहणार. किमान तीन रात्री काढा. शेवटच्या वीकेंडची हॉटेलं परवडत नसतील तर सरळ पहिल्या वीकेंडला या, तोच रस्ता, शाळांचे तेच बँड, गर्दी बरीच कमी आणि खोल्यांचे भावही खाली. पहिल्यांदा येणाऱ्याला मी खरं तर हेच सांगते. आणि शेवटच्याच आठवड्यात यायचं असेल तर गुरुवारी दुपारी पोचा. गुरुवारी रात्री म्यूझेस असते, बायकांचा क्रू, २००१ मध्ये त्यांची पहिली परेड निघाली. त्या बायका घरी बसून एकेक जुनी सँडल गोंद आणि चमकीनं मढवतात आणि ती परेडमध्ये एखाद्याच्या हातात देतात. फेकत नाहीत, बोट दाखवून तुम्हालाच बोलावून देतात. माझ्या शेजारच्या आजींच्या दिवाणखान्यात अशा अकरा सँडल काचेच्या कपाटात होत्या, प्रत्येकीखाली वर्ष लिहिलेलं.

मार्डी ग्राच्या आधीचा रविवार शक्यतो चुकवू नका. दुपारी थॉथ नावाच्या क्रूची परेड असते, १९४७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचा रस्ताच असा आखला की आजारपणामुळं, अपंगत्वामुळं ज्यांना बाहेर पडता येत नाही अशा लोकांच्या संस्थांसमोरून ती जावी, आणि आजही ती तशीच जाते. खुर्चीत बसलेली माणसं दारात आणून ठेवलेली असतात आणि फ्लोटवरचे लोक त्यांच्यासाठी मुद्दाम थांबतात. मला सगळ्या कार्निव्हलमध्ये तो अर्धा तास सगळ्यात जवळचा वाटतो.

प्रश्न: बॉर्बन स्ट्रीटवरच हॉटेल मिळतंय, महाग आहे पण म्हटलं एकदाच जायचंय तर मध्यावरच राहावं. घेऊ का?

नको. फ्रेंच क्वार्टरमधला बॉर्बन स्ट्रीट हा कार्निव्हलचा मध्य नाहीच. मोठ्या फ्लोटना फ्रेंच क्वार्टरमध्ये १९७३ पासून बंदी आहे, गल्ल्या अरुंद, आग लागली तर बंब जायला जागा नाही म्हणून. तिथं उरते ती फक्त दारू पिऊन हिंडणारी पर्यटकांची गर्दी, आणि टीव्हीवर जे दाखवतात ते सगळं तिथलंच. गावातली माणसं त्या दिवसांत तिकडं फारशी फिरकत नाहीत.

परेड जातात अपटाउनमधून, नेपोलियन अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूनं सेंट चार्ल्स अ‍ॅव्हेन्यूवर वळतात आणि मोठमोठ्या ओक झाडांखालून डाउनटाउनला कॅनाल स्ट्रीटपर्यंत. राहायला जागा या रस्त्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर बघा, बस्स. फक्त बुक करताना नकाशा उघडून एक गोष्ट तपासा, जागा परेडचा रस्ता आणि मिसिसिपी नदी यांच्या मधे आहे की पलीकडं. मधल्या भागाला तिथले लोक बॉक्स म्हणतात, 'आम्ही बॉक्समध्ये राहतो' असं. परेड चालू झाली की बॉक्समधून गाडी बाहेर काढणं म्हणजे नदीकाठच्या चॉपिटूलस स्ट्रीटवरून लांबचा वळसा, आणि तोही मोकळा असला तर. पहिल्या वर्षी आमचे पाहुणे असेच अडकले, विमान रात्री आठचं, टॅक्सी रस्त्याच्या त्या बाजूला आणि आम्ही या बाजूला, शेवटी बॅगा डोक्यावर घेऊन दोन फ्लोटच्या मधल्या मोकळ्या जागेत पोलिसानं रस्ता ओलांडू दिला. त्यामुळं परेड बघायला बॉक्स उत्तम, पण ज्या दिवशी निघायचंय त्या दिवशी परेडच्या दोन-तीन तास आधीच बाहेर पडा. सेंट चार्ल्सची स्ट्रीटकार परेडच्या वेळी त्या रस्त्यावर बंद असते, हे पण लक्षात ठेवा, तिच्या भरवशावर राहू नका.

आणि कुणाला रस्ता विचारलात तर उत्तर-दक्षिण कुणी सांगणार नाही. नदी एवढी वळणं घेते की तिथं दिशा चारच, लेकसाइड (तळ्याकडं), रिव्हरसाइड (नदीकडं), अपटाउन, डाउनटाउन. परेडच्या रस्त्याच्या दोन बाजूंनाही नावं आहेत, एक फूटपाथची बाजू आणि दुसरी न्यूट्रल ग्राउंडची, म्हणजे मधल्या दुभाजकाची. एखादा ओळखीचा माणूस फ्लोटवर चढणार असेल तर त्याला दोनच गोष्टी विचारायच्या, फ्लोट नंबर किती आणि कुठली बाजू. नाहीतर तो पलीकडच्या बाजूला माळा वाटत जाईल आणि तुम्ही अलीकडं हात हलवत राहाल.

प्रश्न: मुलं पाच आणि आठ वर्षांची आहेत. मैत्रिणी म्हणतात मुलांना अजिबात नेऊ नकोस, तिथं कपडे काढतात वगैरे. खरं काय?

ताई, बिनधास्त न्या. मैत्रिणी म्हणतायत ते बॉर्बन स्ट्रीटवरचं आणि तेही पर्यटकांचं. सेंट चार्ल्सवर नेपोलियन आणि जॅक्सन अ‍ॅव्हेन्यूच्या मधल्या पट्ट्यात जा, तिथं आजी-आजोबा, बाळांच्या गाड्या, फोल्डिंगच्या खुर्च्या, घरून आणलेलं तळलेलं चिकन, सगळं एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या सहलीसारखं असतं. तीच तीच माणसं वर्षानुवर्षं त्याच झाडाखाली उभी राहतात. फक्त एक टाळा, सीझनच्या सुरुवातीला क्रू डू व्यू नावाची परेड असते, ती मोठ्यांसाठीच आहे, राजकारण्यांची टर उडवणारी आणि बऱ्यापैकी चावट. मोठ्यांनी जरूर बघावी, मुलं घरी ठेवून.

आता शिडीबद्दल सांगते, कारण हे दुसरीकडं कुठं बघायला मिळणार नाही. साधी लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची घोडा-शिडी, तिच्या डोक्यावर बाकासारखी एक लाकडी पेटी ठोकलेली, पुढं आडवा दांडा, त्यात दोन-तीन मुलं बसतात. मागच्या पायऱ्यांवर बाप नाहीतर आई उभी, एक हात मुलांच्या पोटाशी. शिडीला रंग, चाकं, मुलांची नावं, बऱ्याच शिड्या तर आजोबांनी बापासाठी बनवलेल्या असतात. फ्लोटवरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर मूल येतं, त्यामुळं सगळ्यात छान वस्तू तिकडंच जातात. तुम्ही चार दिवसांसाठी शिडी बनवू नका, पण शेजारच्या शिडीवाल्यांशी बोला, पाचेक वर्षांच्या मुलीला 'ये गं' म्हणून वर घेतातच. आमच्या मुलीला पहिल्या वर्षी असंच कुणीतरी घेतलं होतं, पुढच्या वर्षी आम्ही त्यांना शोधत त्याच कोपऱ्यावर गेलो आणि मग शेवटच्या वर्षापर्यंत तीच आमची जागा. नियम एक आहे, शिडी जेवढी उंच तेवढी ती रस्त्याच्या कडेपासून मागं हवी, आणि शिड्या एकमेकींना बांधायच्या नाहीत. पुढं कुणी चिकटवून लावलेली दिसली तर तिच्या जवळ मुलांना उभं करू नका.

आणि हे मात्र ठामपणे सांगते, फ्लोट चालू असताना मुलांचा हात सोडायचा नाही. दोन फ्लोटच्या मधून पलीकडं जायचं नाही, पडलेली माळ घ्यायला वाकायचं नाही, चाकाजवळ तर मुळीच नाही. २०२० मध्ये एकाच आठवड्यात दोन वेगवेगळ्या परेडमध्ये दोन माणसं जोडून ओढल्या जाणाऱ्या फ्लोटखाली सापडून दगावली. उत्साहात पाय कसा पुढं पडतो कळत नाही.

अजून एक छोटी गोष्ट. परेड नेपोलियनजवळ सुरू होते आणि कॅनालला पोचायला तिला दोन-अडीच तास, कधी त्याहून जास्त लागतात. मुलं लहान असतील तर सुरुवातीच्या टोकाला उभे राहा, परेड तुमच्यापुढून लवकर संपते आणि मुलं वेळेवर झोपतात. दिवसा ट्रॅफिक नसेल तेव्हा त्यांना मार्डी ग्रा वर्ल्डला न्या, नदीकाठच्या त्या शेडमध्ये फ्लोट बनतात, वर्षभर उघडं असतं.

प्रश्न: सोबत आई-बाबा आहेत, ७० च्या पुढचे आणि शुद्ध शाकाहारी. खायचं काय आणि बाथरूमचं काय?

बाथरूमचा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात आणि गाइडवाले सांगत नाहीत. परेडच्या रस्त्यावरची चर्च आणि शाळा त्या दिवसांत आपली बाथरूम उघडतात, थोडे पैसे घेऊन मनगटाला पट्टी बांधतात आणि मग दिवसभर आत-बाहेर करता येतं, काही ठिकाणी बसायला आणि गरम कॉफी पण मिळते. पोचल्या पोचल्या आधी असं चर्च शोधा, पट्टी घ्या आणि त्याच्या समोरच खुर्च्या टाका, जागा तिथंच ठरवा. उभं राहणं जमणारच नसेल तर डाउनटाउनला गॅलिए हॉलच्या आसपास तिकीट काढून बसायचे स्टँड असतात. हवेचा काही नेम नाही, फेब्रुवारीत दुपारी वीस-बावीस अंश आणि रात्री सहा-सात, मधेच पाऊस, त्यामुळं शाल, कानटोपी आणि पातळ रेनकोट तिन्ही पिशवीत असू द्या. २०२५ च्या मार्डी ग्राला तर वाऱ्यामुळं परेड पहाटे लवकर काढून रस्ता कमी करावा लागला होता, म्हणून निघायच्या आधी फोनवर परेड ट्रॅकर बघायची सवय लावा.

खाण्याचं जरा अवघड आहे. गंबो म्हणजे घट्ट रस्सा, त्यात मांस-मासे आणि मांसाचाच रस, जंबालाया या मसालेभाताचंही तेच. सोमवारी घरोघरी रेड बीन्स आणि भात करतात, बघायला अगदी आपला राजमा-भात, पण त्यात सॉसेज नाहीतर हॅम घातलेलं असतं, ताटात दिसत नसलं तरी शिजवताना घातलेलं असतं, तेव्हा आई-बाबांसाठी विचारल्याशिवाय घेऊ नका. बेन्ये मात्र त्यांना आवडतील, पिठात अंडं नाही ना एवढं विचारून घ्या, गरम तळलेले चौकोनी फुगे आणि वर पिठीसाखरेचा ढीग, चिकोरी घातलेल्या कॉफीबरोबर. किंग केकमध्ये अंडं असतं, हे आधी सांगून टाका. तुम्ही खात असाल तर पूर्वेकडच्या वस्तीत एक व्हिएतनामी बेकरी आहे, डाँग फुआँग, तिचा किंग केक आता गावात सगळ्यात नावाजलेला, लांब रांग लागते. व्हिएतनामी लोक १९७५ नंतर मोठ्या संख्येनं इथं येऊन वसले, त्यांच्याकडं टोफू घातलेले पदार्थ मिळतात, शाकाहारी माणसाला या शहरात तोच मोठा आधार. तरी थालीपीठ, चिवडा, लाडू सोबत ठेवाच, एकदा जागा धरली की चार-पाच तास कुणी जेवायला उठत नाही. आणि शेजाऱ्यांना द्या, ते पण त्यांच्या डब्यातलं पुढं करतील, तिथं रिवाजच आहे तसा. किंग केकच्या तुकड्यात प्लॅस्टिकचं इवलंसं बाळ निघालं तर पुढचा केक तुम्ही आणायचा.

प्रश्न: पिसांचे पोशाख घातलेले 'इंडियन्स' यूट्यूबवर बघितले. ते कुठल्या परेडमध्ये असतात, तिकीट कुठं मिळतं?

ते परेडमध्ये नसतातच. त्यांचा रस्ता जाहीर होत नाही, वेळ जाहीर होत नाही, तिकीट नाही. ही शहरातल्या काळ्या वस्त्यांची परंपरा आहे. जुन्या काळी गोऱ्यांच्या परेडमध्ये त्यांना जागा नव्हती, आणि गुलामीतून पळालेल्या माणसांना इथल्या मूळ रहिवाशांनी आसरा दिला त्याची आठवण म्हणून हे पिसांचे पोशाख, असं ते स्वतः सांगतात. प्रत्येक टोळीचा एक बिग चीफ, सगळ्यात पुढं स्पाय बॉय, तो समोरून दुसरी टोळी येतेय का बघतो, मग फ्लॅग बॉय, आणि मागं चीफ. पूर्वी दोन टोळ्या भेटल्या की खरोखरची मारामारी व्हायची. टूटी मॉन्टाना नावाचे एक चीफ होते, पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी पोशाख केला, भांडण सुईदोऱ्यानं करा, कोण जास्त देखणं दिसतं त्यावर करा, हे वळण त्यांनी लावलं. जून २००५ मध्ये सिटी कौन्सिलसमोर पोलिसांच्या वागणुकीबद्दल बोलत असतानाच ते कोसळले आणि गेले.

पोशाख दरवर्षी नवा, आणि स्वतः शिवलेला. मी एकदा एका शिवणाऱ्याच्या स्वयंपाकघरात बसलेय. टेबलावर ताट, ताटात रंगवार मणी, मांडीवर कॅनव्हासचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं काढलेलं चित्र. सुईत चार-पाच मणी ओवायचे, खाली टोचायची, वर काढायची, परत तेच. तळहाताएवढा भाग भरायला दोन-तीन संध्याकाळी. बोटांची टोकं सुईनं टोचून टोचून घट्ट झालेली, अंगठ्यावर चिकटपट्टी. पूर्ण पोशाख चाळीस-पन्नास किलोपर्यंत जातो, आणि तो घालून माणूस दिवसभर चालतो, गातो, नाचतो.

बघायचे असतील तर मार्डी ग्राच्या मंगळवारी सकाळी ट्रेमे भागात जा, क्लेबोर्न अ‍ॅव्हेन्यूवर. तिथं डोक्यावरून हायवे जातो. पूर्वी त्या जागी ओक झाडांची दुहेरी रांग होती, तिच्या सावलीत ही सगळी वस्ती कार्निव्हल करायची, १९६० च्या दशकात हायवेसाठी ती झाडं तोडली. माणसं मात्र तिथंच येतात, काँक्रीटच्या खांबांखाली शेगड्या लावतात, खांबांवर झाडं रंगवलीत. हे उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. दुरून डफाचा आवाज आला की बाजूला व्हायचं, वाट द्यायची. पिसांना हात लावायचा नाही. फोटो आधी विचारून, आणि चीफ गात असताना मधे घुसून सेल्फी तर नाहीच. मंगळवारी नाही दिसले तर १९ मार्चच्या, म्हणजे सेंट जोसेफ्स डेच्या जवळच्या रविवारी परत या, त्याला सुपर संडे म्हणतात, अपटाउनमध्ये ए. एल. डेव्हिस पार्कजवळ टोळ्या जमतात आणि मोकळेपणानं बघता येतं.

प्रश्न: माळा पकडायची काही युक्ती आहे का? आणि एवढ्या माळांचं नंतर काय करायचं?

युक्ती एकच, नजर. 'थ्रो मी समथिंग, मिस्टर' ओरडायचं हे तर आहेच, पण फ्लोटवरच्या एका माणसाकडं बघा, हात वर करा, हसा, तो तुमच्याकडंच फेकेल. फ्लोटवरच्यांना मुखवटा घालणं शहराच्या नियमानं सक्तीचं आहे, त्यामुळं डोळेच दिसतात. खाली पडलेल्या वस्तूवर आधी पाय ठेवायचा, मग गर्दी सरकली की उचलायची, हात घातलात तर बोटं तुडवली जातात. मुलाकडं फेकलेली वस्तू मोठ्यानं घ्यायची नाही. झुलू क्रूचा रंगवलेला नारळ सगळ्यात मानाचा, तो मंगळवारी सकाळी मिळतो आणि फेकत नाहीत, हातात देतात. १९०९ पासूनचा हा काळ्या लोकांचा क्रू, १९४९ मध्ये जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग त्यांचा राजा झाला होता.

रात्रीच्या परेडमध्ये मशाली घेऊन चालणारे दिसतील, त्यांना फ्लँबो म्हणतात. वीज नव्हती तेव्हा याच उजेडात फ्लोट दिसायचे, आणि त्या मशाली गुलाम आणि काळे मजूर वाहायचे. आता ते लोक मशाल फिरवत नाचत जातात. जड असते ती, अंगावर तेल सांडतं. खिशात एक-एक डॉलरच्या नोटा सुट्या ठेवा आणि पुढं होऊन हातात द्या, माळा मागत बसण्यापेक्षा आधी हे करा.

माळांचं खरं सांगू का, कमी घ्या. २०१७-१८ मध्ये गटारं साफ केली तेव्हा सेंट चार्ल्सच्या फक्त पाच ब्लॉकमध्ये ९३ हजार पौंड माळा निघाल्या, म्हणजे ४२ टन, आणि ज्या शहरात पाणी तुंबण्याची एवढी भीती आहे तिथं. आता बदल होतोय, क्रू ऑफ फ्रेरेनं २०२५ मध्ये प्लॅस्टिकच्या माळा बंदच केल्या, लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत शेवाळापासून विघटन होणाऱ्या माळा बनवल्यात. तुमच्याकडं साठल्या तर कचऱ्यात टाकू नका, आर्क नावाची संस्था त्या गोळा करते, तिथं अपंग व्यक्ती त्या निवडून परत विकतात, त्यातून त्यांना काम मिळतं. लहान मुलांना माळा तोंडात घालू देऊ नका, स्वस्त माळांच्या तपासणीत शिसं सापडलंय.

प्रश्न: मंगळवारी सगळे वेशभूषा करतात म्हणे. मी नऊवारी नेसले तर विचित्र दिसेल का?

अजिबात नाही, उलट जरूर नेसा. मंगळवारी साध्या कपड्यातला माणूसच वेगळा दिसतो. सकाळी लवकर बायवॉटर किंवा मॅरिनी या वस्तीत जा, तिथून सेंट अ‍ॅन नावाची पायी मिरवणूक फ्रेंच क्वार्टरकडं निघते, कुणीही सामील व्हायचं, सगळे पोशाख घरी बनवलेले. दिवसा फ्रेंच क्वार्टर बघायची हीच ती वेळ. तिथले लोक विकत घेतलेल्या वेषापेक्षा हातानं केलेल्याला मान देतात, 'हे कुणी केलं' असा पहिला प्रश्न असतो, तेव्हा नऊवारीवर जांभळं, हिरवं, सोनेरी काहीतरी स्वतः शिवून लावा, ते तीन रंग कार्निव्हलचे. त्या मिरवणुकीत काही लोक नदीकाठी जाऊन त्या वर्षी गेलेल्या माणसांची राख पाण्यात सोडतात, बँड हळू होतो. तिथं फोन खिशात ठेवा. बूट मात्र चालायचे घाला, काष्ट्याखाली दिसले तरी चालतील. आणि पिसांचा इंडियन टोप विकत मिळतो तो घालू नका, वर सांगितलं त्यांचा मान राखा.

प्रश्न: १ जानेवारी २०२५ ला तिथं हल्ला झाला होता. आता सेफ आहे का? एकटी मुलगी जाऊ शकते का?

त्या पहाटे बॉर्बन स्ट्रीटवर १४ माणसं गेली, गाव अजून ते विसरलेलं नाही. त्यानंतर बंदोबस्त खूप वाढवलाय, बॉर्बनकडं पिशव्या तपासतात, गाड्यांना अडथळे आहेत. एकटी जायला हरकत नाही, मैत्रीण असेल तर बरं. दिवसा आणि परेडच्या रस्त्यावर माणसं भरपूर असतात, रात्री परेड संपली की अंधाऱ्या आडगल्ल्यांतून शॉर्टकट न मारता गर्दीबरोबरच चालत या. फोन पुढच्या खिशात, पासपोर्टचा फोटो जवळ ठेवून मूळ प्रत हॉटेलात, पण बारमध्ये जायचं असेल तर २१ पूर्ण असल्याचं ओळखपत्र लागतं. काचेची बाटली रस्त्यावर चालत नाही, प्लॅस्टिकच्या पेल्यात पेय घेऊन फिरता येतं. गर्दीत नेटवर्क जातं, म्हणून बरोबरच्यांशी भेटायचा कोपरा आधीच ठरवा, 'सेंट चार्ल्स आणि अमुक रस्ता, लेकसाइड' असा, आणि दर दोन तासांनी तिथं यायचं.

प्रश्न: परतीचं विमान मंगळवारी रात्रीचं स्वस्त मिळतंय, घेऊ का?

गुरुवारचं घ्या, निदान बुधवार संध्याकाळचं तरी. विमानतळ डाउनटाउनपासून जेमतेम अठरा-वीस किलोमीटर, पण मंगळवारी झुलू आणि रेक्स या क्रूंच्या परेड झाल्यावर मागं ट्रकवरच्या कुटुंबांच्या परेड तासन् तास चालतात, टॅक्सी मिळत नाही. बुधवारी सकाळी विमानतळावर माळा भरलेल्या बॅगांची रांग असते. शिवाय मंगळवारी रात्री बारा वाजता घोड्यावरचे पोलीस बॉर्बन स्ट्रीटच्या एका टोकापासून चालत येतात, मागं झाडूवाले आणि पाण्याच्या गाड्या, आणि कार्निव्हल संपल्याचं सांगतात. कडेला उभं राहून ते बघा. बुधवारी सकाळी स्ट्रीटकार परत चालू होते, ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू झाला म्हणून कपाळावर राखेचा क्रॉस लावलेली माणसं कामाला निघालेली असतात, खिडकीतून वर बघितलंत तर ओकच्या फांद्यांवर माळा लटकत असतात, पुढच्या जानेवारीपर्यंत.